फटींचे वैरी गेनूनाना

गेनूनाना आमच्या घरी पहिल्यांदा आले ते हातात पेटती उदबत्ती घेऊन. ना ओळख ना पाळख, ना 'आत येऊ का'. डोक्याला मुंडासं, अंगात बंडी, शिडीसारखा उंच आणि वाळका म्हातारा सरळ स्वयंपाकघरापर्यंत आला आणि उदबत्ती भिंतीजवळ धरून कडेकडेनं चालू लागला.

मी नुकताच पुण्याहून बदली होऊन त्या वाडीत मास्तर म्हणून आलो होतो. पौड मागं टाकून धरणाच्या पाण्याकडं निघालं की डोंगराला टेकून बसलेली चाळीस-पन्नास घरांची वाडी. नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते आणि वाडीचा दुकानदार अजून आण्यातच बोलत होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. शाळेला लागून मास्तरसाठी दोन खोल्या होत्या. त्यात आमचं सामान लागतं न लागतं तोच हा धूप.

माझी बायको इंदू सासर-माहेर दोन्हीकडून भाविक. गावचा पुजारी वास्तूला धूप द्यायला आला, अशी तिची समजूत झाली. तिनं हात जोडले, मलाही जोडायला लावले. नाना मात्र धुराकडं टक लावून बघत होते. धूर सरळ वर गेला की पुढं सरकायचे, आडवा झाला की "हां!" म्हणून थांबायचे आणि भिंतीवर कोळशानं फुली मारायचे. प्रदक्षिणा संपली तेव्हा इंदूनं पुढं केलेला नारळ त्यांनी शांतपणे काखेत मारला आणि मला म्हणाले, "सतरा."

"काय सतरा?"

"फटी. हे घर न्हाई मास्तर, चाळन हाय. पावसाळ्यात तुमी आत छत्री घिऊन जेवाल. उद्या येतुया. बुजिवल्या पायजेत."

नारळ काही परत मिळाला नाही.

नाना ऐन उमेदीत धरणाच्या बांधकामावर होते. दोन दगडांमधली फट चुन्यानं भरून गुळगुळीत करायची, याला दर्जा भरणं म्हणतात, हे मला नानांनीच सांगितलं आणि पुढं आठवड्यातून दोनदा तरी सांगत राहिले. "दगूड कुनीबी रचंल. पानी अडतंय ते दर्जांनी," असं म्हणून ते धरणाच्या दिशेनं अशा नजरेनं बघायचे, की जणू तो सगळा तलाव त्यांच्या अंगठ्याच्या भरवशावर थांबलेला आहे. धरण बांधून संपलं, पण नानांचा हात काही थांबला नाही. दगडांच्या दर्जा संपल्यावर ते माणसांच्या घरांकडं वळले.

प्रत्येक फटीचं औषध वेगळं. जमिनीला शेणमाती आणि भाताचं तूस. भिंतीला चुना, त्यात हिरड्याचं पाणी आणि गूळ. न्हाणीच्या कडेला राळ आणि तेल. खिडकीच्या काचेला लांबी, म्हणजे खडूची पूड जवसाच्या तेलात मळून केलेला गोळा. हा खडू कुठून येत असेल, हे सुज्ञांनी ओळखलं असेलच. मी फळ्यावर पहिली ओळ लिहिली की नाना शाळेच्या दारात उभे राहायचे आणि माझ्या हातातला खडू किती झिजला ते बघायचे. एकदा तर म्हणाले, "लई लांबलचक शिकवू नगा मास्तर. पोरं इसरत्यात, अन् खडू वाया जातुया."

पण त्यांचं काम बघावं असं होतं. चौकटीच्या कडेनं औषध आधी नुसतं दाबून ठेवायचे. मग अंगठा पाण्यात बुडवून चौकटीच्या वरच्या टोकाला टेकवायचे, एक मोठा श्वास घ्यायचे आणि तो छातीत कोंडून अंगठा सरळ खालपर्यंत ओढत आणायचे. एका दमात एक रेघ. मध्ये श्वास सोडायचा नाही आणि कुणी बोलायचंही नाही. कुणी बोललंच तर सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात. आमच्या पुढच्या दाराला यामुळं आख्खा दिवस लागला, कारण इंदूला दर दहा मिनिटांनी "चहा घेता का" असं विचारल्याशिवाय राहवेना.

रेघ झाली की नदीतला एक गुळगुळीत गोटा तिच्यावरून फिरवायचा आणि दोन पावलं मागं सरून बघायचं. "लेप दिसाया नगं," ते म्हणायचे. "दिसला तर त्यो लेप न्हवं, खरूज हाय."

एकदा शाळा चालू असताना नाना खिडकीला लांबी लावत होते. चाळीस पोरं आणि एक मास्तर. नाना गरजले, "गप!" आणि त्यांनी श्वास कोंडला. का कोण जाणे, पोरांनीही कोंडला. मग मीही. सगळा वर्ग गाल फुगवून, डोळे वटारून त्या अंगठ्याकडं बघतोय, आणि अशा वेळी दारात दिपोटीसाहेब! शाळातपासणीला न कळवता येण्याची त्यांची खोड होतीच. अंगठा खाली पोचला, चाळीस पोरांनी भस्सकन श्वास सोडला आणि साहेबांच्या हातातले कागद उडाले. "हा कुठला विषय?" त्यांनी विचारलं. "प्राणायाम," मी म्हणालो. त्या वर्षीइतका चांगला शेरा मला पुढं निवृत्त होईपर्यंत कधी मिळाला नाही.

नानांची ही विद्या परगावी मात्र फार जपून वापरावी लागे. भूगावच्या एका लग्नात त्यांना कोठीच्या खोलीचं मागचं दार फटीफटीचं दिसलं. लग्नघरात भिंतींना लावून उरलेला चुना होताच. वऱ्हाडी अक्षता टाकत होते तेवढ्यात नानांनी ते दार असं लिंपलं, की भिंत कुठं संपते आणि दार कुठं सुरू होतं ते कळेना. पुढच्या दाराला मुलीच्या मामानं कुलूप लावलं होतं, आणि मामा किल्ली घेऊन वरातीची बैलगाडी बघायला गेला होता. त्या दिवशी जिलबी खिडकीच्या गजांमधून एकेक करून बाहेर आली.

नानांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन मुली, एक मारुंजीला दिलेली, एक चांद्याला. बापावर दोघींचा जीव, पण चांद्याची मुलगी बाप येणार असं कळलं की घरातल्या उदबत्त्या शेजारी नेऊन ठेवी.

आता महादूबद्दल सांगायला हवं. नानांची गोष्ट महादूशिवाय पुरी होत नाही, आणि नानांसमोर महादूचं नाव काढायची सोय नव्हती.

महादू हा नानांचा धाकटा भाऊ. आई-बाप लहानपणीच गेले, तेव्हा महादू सहा वर्षांचा आणि नाना चौदाचे. नानांनीच त्याला वाढवला. त्यानं लग्न केलं नाही, शेरडं पाळली, दिवसभर ती डोंगरावर घेऊन हिंडायचा. दोघं एकाच घरात राहत, पण मध्ये भिंत. नानांच्या बाजूची कौलं शाळेतल्या पहिल्या नंबरच्या पोरासारखी ओळीत. महादूच्या बाजूची झोपेतून उठलेल्या पोरासारखी.

भिंत का झाली, हे वाडीतल्या कुणालाही विचारा, हसत हसत सांगेल. महादूला पावा वाजवायचा नाद होता. एके दिवशी सकाळी त्यानं पावा तोंडाला लावला आणि फुंकर मारली, तर आवाज नाही. बघतो तो पाव्याची सगळी भोकं लाखेनं बंद! आणि तीही अशी सफाईदार, की हात फिरवला तरी कळू नये. वाडीत हे काम करणारा माणूस एकच. महादू म्हणाला, "माजा पावा मारलास, आता मला वाटनी दे." नाना म्हणाले, "घे." शब्दानं शब्द वाढला, पंच बसले. दोघांनी भैरोबाच्या देवळात बेल-भंडारा उचलला आणि एकमेकांचा उंबरा जन्मात ओलांडणार नाही अशी शपथ घेतली. मग नानांनी स्वतःच्या हातानं मधली भिंत घातली. आत कारवीचा कूड, दोन्हीकडून शेणमाती, वर चुना, आणि कडेनं चारी बाजूंनी एका दमातली रेघ. वाडीतले लोक पाहुण्यांना ती भिंत दाखवायला नेत. याला अकरा वर्षं झाली होती.

मला दोघंही जवळचे. महादू रोज सकाळी आमच्याकडं शेळीचं दूध आणून द्यायचा, ओसरीवर बसून इंदूशी डोंगरातल्या गप्पा मारायचा. संध्याकाळी नाना यायचे. आल्या आल्या पहिला प्रश्न, "दूध बरं हाय का?"

"बरं आहे."

"पातळ न्हाई न्हवं? येळंवर येतंय?"

"येतंय, नाना."

मग खाली बसायचे. मला वाटायचं, म्हातारा भावाच्या दुधात खोट काढायला टपलेला आहे. इंदूला तर राग यायचा. "पाणी घालतो असं एकदा म्हणा, म्हणजे जीव थंड होईल त्यांचा," असं ती त्यांच्या पाठीमागं म्हणायची. मीही हसायचो. माणसं ओळखण्यात आम्ही दोघंही सारखेच हुशार.

श्रावणात आठ दिवस झड लागली. आमच्या सतरा फटींतून एक थेंब आत आला नाही. ओढ्याला पूर आला, पौडची वाट बंद झाली. आणि दोन दिवस दूध आलं नाही. पहिल्या दिवशी पावसावर ढकललं. दुसऱ्या दिवशी इंदू म्हणाली, "तुम्ही जाऊन बघून या." मी डोक्यावर इरलं घेतलं आणि चिखल तुडवत निघालो.

महादूच्या खोलीत आठ ठिकाणी गळत होतं. शेरडं एका कोपऱ्यात गोळा झाली होती, आणि महादू मधल्या त्या भिंतीला टेकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसला होता. खांदे वरखाली होत होते. श्वासाची शिटी दारापर्यंत ऐकू येत होती. "कधीपासून?" मी विचारलं. त्याला बोलवेना. दोन बोटं दाखवली. नुसता खोकला येई, आणि खोकला थांबला की ती शिटी. ओठ काळेनिळे पडले होते. डॉक्टर ओढ्यापलीकडं. मी घाबरलो, खरंच घाबरलो. हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत जातो की काय, असं वाटलं.

मी धावत घराला वळसा घातला. नाना त्याच भिंतीच्या दुसऱ्या अंगाला बसून गोट्याला तेल चोळत होते. दोघांत वीतभराचं अंतर.

"नाना, महादूला धाप लागलीय. दोन दिवस बसून आहे. उठा."

नानांच्या हातातला गोटा खाली पडला. "न्हाई," ते म्हणाले. "मला आयकू आलं असतं." त्यांनी भिंतीवर हात ठेवला, मग कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. पलीकडं माणूस जिवाच्या आकांतानं खोकत होता, आणि इकडं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मीही कान लावून बघितला. नानांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी मान खाली घातली.

मग ते धावले. उघड्या डोक्यानं पावसातून वळसा घालून महादूच्या दारात आले आणि उंबऱ्याशी थबकले. आतून महादूनं वर बघितलं. भाऊ दिसताच त्यानं तोंडावर हात दाबून खोकला आत कोंडला. डोळ्यांतून पाणी आलं, मानेच्या शिरा फुगल्या, पण भावासमोर खोकला नाही. नानांनी ते पाहिलं. त्यांचा पाय उचलला, हवेत थांबला, आणि ते मागं फिरून चालायला लागले.

मी संतापलो. "नाना, भाऊ मरतोय तिथं, आणि तुम्हाला बेल-भंडारा आठवतोय?" नाही नाही ते बोललो. त्यांनी वळूनही बघितलं नाही.

पुन्हा वळसा घालून आत जातो तो नाना कोळशानं भिंतीवर चौकोन आखत होते. ओळंबा नव्हता, म्हणून एक डोळा मिटून रेघ सरळ आहे का ते बघत होते! मी कपाळावर हात मारला. चौकोन पुरा झाला, नानांनी कोयता उचलला आणि वाडीतल्या त्या सगळ्यात देखण्या भिंतीवर पहिला घाव घातला.

"उंबरा वलांडनार न्हाई म्हनलोय," घावागणिक ते म्हणत होते. "भितीचं काय बोललो न्हाई. भितीचं देवाला काय बोललो न्हाई."

चुना उडाला, माती ढासळली, कारवीच्या काठ्या मोडल्या. भोक माणसाएवढं होताच नाना त्यातून सरपटत पलीकडं गेले. महादूच्या मागं बसून त्यांनी त्याची पाठ आपल्या छातीला टेकवली, त्याचे हात वर धरले आणि हळूहळू मागं-पुढं झुलवायला लागले. ते काही विचार करून करत नव्हते. हातांना सगळं पाठ होतं. "खोक," ते म्हणाले. "माज्यापुढं खोकायला लाजतोस व्हय रं? खोक." आणि महादू खोकला.

इंदूनं अडुळशाचा काढा करून पाठवला. मी शेरडं नानांच्या बाजूला हाकली, त्या लखलखीत जमिनीवर, आणि नाना तिकडं न बघता महादूची पाठ चोळत राहिले. दुपारपर्यंत शिटी जरा उतरली. महादू घोंगडीत टेकून बसला, तेव्हा नाना उठले आणि त्याच्या खोलीच्या फटी बुजवायला लागले. धुराला वर वाट ठेवली, बाकी सगळीकडं शेणमाती, चुना, राळ, जे मिळेल ते. दाराच्या चौकटीपाशी आल्यावर सवयीनं अंगठा वर टेकवला, मोठा श्वास घेतला. मागं महादूचा श्वास अडखळत चालला होता. नानांना आपला कोंडून धरता येईना. अर्ध्यात सुटला, अंगठा हलला, रेघ वाकडी झाली. मला वाटलं, आता पुसतील. नानांनी ती तशीच ठेवली आणि पुढं सरकले.

काम करता करता, माझ्याकडं न बघता ते बोलायला लागले. "ल्हानपनी असंच व्हायाचं ह्येला. वारं लागलं का धाप. मी चौदा वर्सांचं पोर, मला काय कळतंय? चिंध्या कोंबायचो, शेन लावायचो. तवापास्नं ह्यो नाद."

"आणि पावा?" मी विचारलं.

"फुकून फुकून छाती फाटायची त्येची."

"मग सांगायचं हुतं," घोंगडीतून आवाज आला.

"आयकलं असतंस?"

महादूनं जरा विचार केला. "न्हाई," तो म्हणाला.

नाना चुन्याचं भांडं घेऊन तसेच उभे राहिले. "अकरा वर्सं रोज आडवं हुताना भितीला कान लावला मास्तर," ते म्हणाले. "एक दिस चुकलो न्हाई. खोकला कवा आयकू आला न्हाई. म्हनलं, पोरगं बरं झालं." बावन्न वर्षांच्या त्या पोरग्यानं तोंड भिंतीकडं केलं. मला तिथं थांबवेना. दूध बघतो असं काहीतरी बोलून मी बाहेर पडलो. नाना रोज कसलं दूध विचारत होते, ते मला त्या पावसात उभं राहिल्यावर कळलं, आणि स्वतःची लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी ओढा उतरला, पौडहून डॉक्टर आले. सुई टोचली, औषध दिलं. जिवावरचं टळलं म्हणाले. जाताना भिंतीतल्या भोकाकडं बघून त्यांनी मला विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "यांच्यात असंच असतं."

भोक तसंच राहिलं. म्हणजे नानांच्या पद्धतीनं राहिलं. त्यांनी त्याच्या चारी कडा चुन्यानं घोटून घोटून आरशासारख्या केल्या. मी म्हटलं, "एवढं केलंत तर चौकट बसवा, दार लावा." नाना दचकलेच. "चौकट आली का उंबरा आला. उंबरा आला का शपथ आली. खुळं का काय तुमी?" मग दोघं भाऊ त्या भोकातून वाकून ये-जा करू लागले, आणि शेरडं न वाकता. वारा तर विचारूच नका. नानांच्या त्या बंद डब्यासारख्या खोलीत आता उदबत्ती पेटवली असती तर धूर गिरक्या घेत नाचला असता.

महिन्याभरानं नाना सकाळी सकाळी शाळेत आले ते डोळे लाल, मुंडासं सुटलेलं. खडूकडं बघितलंही नाही. बाकावर बसले आणि तक्रारीला सुरुवात केली. काय तो खोकला, काय ते घोरणं. झोपेत बोलतो, शेरडांना नावानं हाका मारतो, पहाटेला उठून घसा असा खाकरतो की कौलं हलतात. अकरा वर्षं कशी निवांत झोप होती! आता डोळ्याला डोळा लागत नाही.

मी गमतीनं म्हणालो, "मग बुजवून टाका ते भोक. तुम्हाला किती वेळ लागतोय?"

नानांचा चेहरा एकदम उतरला. मी थट्टा करतोय हे त्यांना कळलंच नाही. मीठ सांडलेल्या पोरासारखे ते माझ्याकडं बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "आसू द्या मास्तर. आयकू येतंय, त्येच बरं हाय."

आणि घाईनं उठून घराकडं निघाले. महादूचा काढा चुलीवर ठेवून आले होते.